भूल दिल्यावर श्वास कोण चालवते?

‘डॉक्टर, ऑपरेशन चालू असताना ऑक्सिजन बंद पडला तर?’ नाशिककरांच्या या प्रश्नामागचे कारण उघड आहे. 21 एप्रिल 2021 रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब घसरला आणि वीसहून अधिक कोरोना रुग्ण दगावले. भूलतज्ज्ञ म्हणून मला हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचे उत्तर कळण्यासाठी आधी भुलेचे यंत्र कसे चालते ते पाहू.

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत पोटाचे स्नायू सैल हवेत, म्हणून पूर्ण भुलेसोबत स्नायू शिथिल करणारे औषध दिले जाते. पण त्याच औषधाने श्वासपटलही थांबते. मग श्वासनलिकेत नळी घालून श्वासाचे काम व्हेंटिलेटरकडे सोपवावे लागते.

लोहाराचा भाता आठवा. बऱ्याच यंत्रांत पारदर्शक नळकांड्यामध्ये घड्यांचा एक भाता उभा असतो. त्याच्या आत ऑक्सिजन व भुलेच्या औषधाची वाफ असते. भाता आणि नळकांडे यांमधल्या पोकळीत दाबाने वायू सोडला की भाता खाली दबतो आणि आतला वायू फुप्फुसांत जातो. दाब सोडला की छाती आपोआप बसते, उच्छ्वास बाहेर येतो आणि भाता पुन्हा वर चढतो. दाबणारा वायू रुग्णाच्या वायूत मिसळत नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइमचे दाणे शोषून घेतात, त्यामुळे उरलेला वायू पुन्हा वापरता येतो. साठ किलो वजनाच्या माणसाला एका श्वासाला साधारण 400 मिलिलिटर वायू, मिनिटाला 12 ते 14 वेळा दिला जातो. भाता पुरता वर चढला नाही तर कुठेतरी गळती आहे, हे डोळ्यांना दिसते. काही नव्या यंत्रांत भात्याऐवजी विजेवर चालणारा दट्ट्या असतो.

आता मूळ प्रश्न. भात्याला दाबणारा वायूही बहुधा ऑक्सिजनच असतो. म्हणजे पुरवठा तुटला तर भाताही थांबू शकतो. यासाठी यंत्रालाच राखीव सिलिंडर जोडलेला असतो. दाब घसरताच धोक्याचा आवाज होतो आणि भूलतज्ज्ञ सिलिंडर उघडतो. यंत्रच बिघडले तर हाताने दाबायची, आपोआप फुगणारी पिशवी जवळ असते. ती साध्या हवेवरही चालते. 1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने पिशव्या दाबून रुग्णांचे श्वास चालू ठेवले होते. यंत्राशेजारी शेवटपर्यंत जागा माणूस लागतो, तो यासाठीच.

रुग्णाच्या हाती काय आहे? सांगितलेल्या वेळेपासून उपाशी राहा. चोरून घेतलेला चहासुद्धा भुलेत उलटून फुप्फुसांत जाऊ शकतो. दमा, तंबाखू, चालू औषधे, हलणारे दात, काहीही लपवू नका. आणि ‘राखीव सिलिंडर भरलेला आहे ना? भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थांबणार ना?’ हे आधीच विचारा. अशा प्रश्नांचा चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.