नाव मिळवले, ग्रंथालय कधी मिळवणार?

गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातला एक तरुण कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आला. शिक्षण एम. कॉम. नोकरी मिळाली नाही म्हणून सरकारी योजनेतून बँकेचे कर्ज काढून त्याने तूरडाळीची मिल टाकली. दोन वर्षांत हप्ते थकले आणि बँकेने सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली साठ दिवसांची नोटीस पाठवली. गहाण काय, तर बापाने आयुष्यभर चतुर्थ श्रेणीत नोकरी करून बांधलेले दोन खोल्यांचे घर!

वकील म्हणून जे सांगायचे ते आम्ही सांगितले. कलम १३(३अ) खाली लेखी हरकत घे, बँकेला पंधरा दिवसांत तिचे उत्तर द्यावे लागते, वगैरे. पण मग आम्ही त्याचा प्रकल्प अहवाल मागितला. बत्तीस पानांचा अहवाल एका एजंटाने पंधरा हजार रुपये घेऊन करून दिला होता. चौदाव्या पानावर परराज्यातल्या एका तालुक्याचे नाव तसेच राहून गेले होते. म्हणजे दुसऱ्याच कुणाचा अहवाल उचलून फक्त पहिल्या पानावरचे नाव बदलले होते. शंभर किलो तुरीतून पंच्याऐंशी किलो डाळ निघेल आणि पहिल्याच वर्षापासून भरघोस नफा होईल, असे त्यात छापले होते.

आम्ही विचारले, "बाबा, हे आकडे आले कुठून?"

तो म्हणाला, "साहेब, एजंटानं टाकले. बँकेनं पास केले म्हणजे बरोबरच असतील ना?"

"विद्यापीठात असताना ग्रंथालयात जात होतास का?"

"रोज जायचो साहेब. सकाळी आठपासून. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला."

दोन वर्षे हा मुलगा ज्या इमारतीत बसत होता, त्याच इमारतीत त्याच्या अहवालातला खोटेपणा उघडा पाडणारी माहिती होती. ती तिथे असते, हे त्याला कुणी सांगितलेच नाही. दोष एकट्या त्याचा नाही. आम्ही कार्यकर्ते म्हणवणाऱ्यांनी तरी ते कधी सांगितले?

विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला. त्यानंतर घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर बाबासाहेबांचे नाव लागले. दरवर्षी त्या दिवशी हजारो लोक त्या प्रवेशद्वारासमोर नतमस्तक होतात. व्हायलाच पाहिजे. पण प्रवेशद्वार आत जाण्यासाठी असते! आत गेल्यावर ग्रंथालय लागते. आज विद्यापीठांच्या ग्रंथालयांवर अनेक ठिकाणी 'ज्ञानस्रोत केंद्र' अशी पाटी दिसेल. पाटीला बिचकू नका, ते ग्रंथालयच आहे.

बाबासाहेबांनी ग्रंथालय कशासाठी वापरले? लंडनमध्ये ते ब्रिटिश म्युझियमच्या आणि इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात दिवस दिवस बसले. सरकारी अहवाल, चलनविषयक समित्यांपुढच्या साक्षी, व्यापाराचे आकडे यांतून १९२३ साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ उभा राहिला. आकडा कुठून आला, हे दाखवल्याशिवाय ते पुढे जात नसत. मुंबईत त्यांनी शेअर व्यवहार करणाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला होता. सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईके फिरकेनाशी झाली आणि तो बंद पडला. धंद्यात माहितीला किंमत असते हे त्यांना ठाऊक होते आणि ती माहिती कुणाच्या हातात राहते हेही त्यांनी भोगले होते. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दुकान आहे, त्यांना बाजारभाव जेवताना कानावर पडतात. कुठल्या मालात किती सुटते, उधारी किती दिवसांची, हे काका-मामा सांगतात. आमच्या पोराचा काका कोण? त्याचा काका ग्रंथालय!

आता डाळ मिलचेच उदाहरण घेऊन ही माहिती कशी शोधायची ते पाहू. धंदा कोणताही असो, वाट हीच.

पहिली गोष्ट, आपल्या धंद्याचा सरकारी नंबर शोधा. भारत सरकारच्या २००८ च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात प्रत्येक उद्योगाला अंक दिलेला आहे. धान्य भरडाईचा गट १०६१ आणि त्यात डाळ भरडाई १०६१३. व्यापाराच्या मालाला वेगळा अंक असतो, त्याला एचएसएन म्हणतात. वाळवलेल्या कडधान्यांचा तो ०७१३ आहे. हे दोन अंक कागदावर लिहून ग्रंथालयात गेलात की निम्मे काम झाले. नुसते 'उद्योगाची माहिती द्या' म्हटले तर ग्रंथपालही काय देणार?

दुसरी गोष्ट, सरकारी सर्वेक्षणे. नोंदणीकृत कारखान्यांचे 'वार्षिक उद्योग सर्वेक्षण' निघते. कच्च्या मालावर किती खर्च होतो, मजुरीवर किती, उत्पादन किती, हे त्यात मिळते. आपली मिल लहान असेल तर असंघटित क्षेत्रातील उद्योगांचे वेगळे वार्षिक सर्वेक्षण आता प्रसिद्ध होते, ते पाहा. बाजार समित्यांमधली रोजची आवक आणि भाव केंद्र सरकारच्या 'ॲगमार्कनेट'वर असतात. पण भाव एका वर्षाचा घेऊ नका, दहा वर्षांचा घ्या. २०१५ साली तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. ते पाहून ज्यांनी हिशेब मांडले त्यांचे काय झाले? २०१६-१७ चे विक्रमी पीक आले आणि तूर ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली विकली गेली. पुढे २०२१ साली केंद्राने तुरीची आयात मुक्त केली आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. म्यानमार, मोझांबिक, मलावी, टांझानियातून येणारी तूर आपल्या बाजार समितीतला भाव हलवते. आमच्या तरुणाच्या अहवालात यातली एक ओळही नव्हती.

तिसरी गोष्ट, कंपन्यांची कागदपत्रे. सीएमआयई या मुंबईच्या संस्थेचा 'प्रोवेस' किंवा 'कॅपिटालाइन' यांसारखे माहितीसंच अनेक विद्यापीठे आणि व्यवस्थापन संस्था घेतात. हजारो कंपन्यांचे ताळेबंद त्यांत असतात. आपल्या ग्रंथालयात कोणता आहे ते विचारा. शेअर बाजारात उतरणारी कंपनी सेबीकडे जो मसुदा दाखल करते, त्यात त्या उद्योगावर एक सविस्तर प्रकरण असते आणि धोक्यांची लांबलचक यादी असते. तो मसुदा कुणालाही फुकट वाचता येतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ३९९ प्रमाणे कोणत्याही कंपनीने निबंधकाकडे दाखल केलेली कागदपत्रे ठराविक फी भरून पाहता येतात.

मात्र बहुतेक डाळ मिल मालकीच्या किंवा भागीदारीच्या असतात, त्या कंपन्यांच्या यादीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी पतमानांकन संस्थांच्या टिपणांकडे वळा. बँकेकडून कर्ज घेतलेल्या कितीतरी लहान मिलना क्रिसिल, इक्रा, केअर या संस्थांनी मानांकन दिलेले आहे आणि त्यामागची कारणे त्यांच्या संकेतस्थळांवर फुकट वाचायला मिळतात. नफ्याचे प्रमाण फारच कमी, स्पर्धा मोठी, भाव सरकारी धोरणावर अवलंबून, खेळते भांडवल अडकून पडते, असे त्यांत स्पष्ट लिहिलेले असते. अशी चार टिपणे वाचणारा तरुण पहिल्याच वर्षी भरघोस नफ्याच्या आश्वासनाला फसेल काय?

चौथी गोष्ट, संशोधन. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध फुकट आहेत, मराठीतलेही आहेत. नियतकालिकांसाठी केंद्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र एक सदस्यता' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांतल्या विद्यार्थ्यांना ती १ जानेवारी २०२५ पासून खुली झाली. त्यात अन्न तंत्रज्ञानाची नियतकालिके आहेत. व्यापारी मिलमध्ये शंभर किलो तुरीतून साधारण सत्तर ते पंच्याहत्तर किलो डाळ निघते, हे असल्याच लिखाणातून कळते. अहवालात पंच्याऐंशी छापले होते. क्विंटलमागे दहा-पंधरा किलोचा हा फरक आहे आणि ज्या धंद्यात नफाच रुपयामागे काही पैशांचा, तिथे एवढा फरक घर लिलावात काढतो.

एक कायदेशीर सावधगिरी. विकत घेतलेल्या माहितीसंचांचा परवाना बहुधा अभ्यासापुरता असतो, धंद्यासाठी त्यांतली माहिती जशीच्या तशी उतरवून देण्यास मनाई असू शकते. अट वाचा, ग्रंथपालांना विचारा. वाचून शहाणे व्हायला बंदी नाही, आणि कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ खासगी अभ्यास-संशोधनासाठी योग्य वापराची मुभा देते. बँकेला द्यायच्या अहवालात मात्र सरकारी आकडे, सेबीकडचे मसुदे, मानांकनाची टिपणे असेच उघडे स्रोत वापरा आणि प्रत्येक आकड्याखाली तो कुठून आणि कोणत्या वर्षाचा घेतला ते लिहा.

तुम्ही म्हणाल, आम्ही आता विद्यार्थी नाही, आम्हाला आत कोण घेईल? माजी विद्यार्थ्यांना आणि बाहेरच्या वाचकांना अर्ज, ओळखपत्र आणि काही अनामत घेऊन अनेक विद्यापीठे ग्रंथालयात बसून वाचू देतात. नियम प्रत्येक ठिकाणचे वेगळे. दारावरच्या माणसाने 'नाही' म्हटले म्हणून परत फिरू नका, लेखी नियम मागा. नाही मिळाला तर माहिती अधिकार कायदा २००५ आहेच. कलम ६ खाली अर्ज करा: कोणते माहितीसंच घेतले, किती रुपयांना घेतले, बाहेरच्या वाचकासाठी नियम काय? तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आणि ग्रंथपालांशी भांडायला नव्हे, विचारायला जा. पुस्तके वापरण्यासाठी आहेत आणि वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच ग्रंथालयशास्त्राचे नियम म्हणून सांगितले आहे. चांगला ग्रंथपाल प्रश्न विचारणाऱ्या वाचकाची वाट पाहत असतो.

त्या तरुणाचे पुढे काय झाले? नोटिशीला उत्तर गेले, बँकेशी हप्ते बांधून घेण्याची बोलणी चालू आहेत. घर वाचेल की नाही ते आज सांगता येत नाही. पण गेल्या महिन्यात तो पुन्हा आला तेव्हा त्याच्या पिशवीत नोटीस नव्हती, वही होती. पंधरा दिवस ग्रंथालयात बसून त्याने दहा वर्षांचे तुरीचे भाव उतरवून काढले होते. स्वतः तूर विकत घेण्यापेक्षा शेतकऱ्यांची तूर मजुरीवर भरडून दिली तर भावाचा धोका आपल्या अंगावर येत नाही, असा हिशेब त्याने मांडला होता. तो म्हणाला, "साहेब, हे आधी केलं असतं तर?"

हा 'तर' दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा लेख. ज्या शाखेत, ज्या विहारात कर्जाच्या योजनांची शिबिरे भरतात, तिथल्या कार्यकर्त्यांना आमची कळकळीची विनंती आहे. फॉर्म वाटण्याआधी त्या तरुणांना एक दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात घेऊन जा. एजंटाला पंधरा हजार देण्याआधी पंधरा दिवस तिथे द्या. नाव आपण रक्त सांडून मिळवले, ग्रंथालय मिळवायला फक्त आत जावे लागते.