धावण्याचे बूट केव्हा म्हातारे होतात?

नवे बूट आणले की पहिला आठवडा आपण ते रोज पुसून ठेवतो. पुढे मात्र त्यांच्याकडे लक्ष जाते ते अंगठा बाहेर डोकावू लागला म्हणजेच! चालण्याच्या बुटांचे त्यात फारसे बिघडत नाही. धावण्याच्या बुटांची गोष्ट निराळी आहे. वरून ते धडधाकट दिसत असतात आणि आतून केव्हाच म्हातारे झालेले असतात.

मेळघाटातील धारणीसारख्या गावात पहाटे धावायला निघणाऱ्या मुलामुलींपैकी कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढे एखादी भरती असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. वनरक्षकाच्या भरतीत मुलांना ५ आणि मुलींना ३ किलोमीटर. त्यासाठी महिनोन्‌महिने सराव हवा. पायाखाली कधी डांबर, कधी मुरूम, तर कधी सातपुड्याचा काळा बेसाल्ट. नवा जोड घेणे घरच्यांना सोपे नसते. वेळेआधी बूट टाकून देणे परवडत नाही आणि गुडघा दुखावून सराव बंद पडणे तर त्याहून महाग पडते. मग बूट नेमके केव्हा बदलायचे?

त्यासाठी बुटाची रचना पाहू. जमिनीला लागतो तो रबराचा नक्षीदार तळ. त्याचे काम घसरू न देणे आणि झीज सोसणे. त्याच्यावर दोनतीन सेंटिमीटर जाडीचा मऊ थर असतो. धावण्याच्या बुटाचा जीव याच थरात आहे. तो बहुधा इथिलीन व्हायनिल अ‍ॅसिटेट या प्लॅस्टिकच्या फेसाचा असतो. या फेसात लक्षावधी बारीक बुडबुडे असतात आणि प्रत्येक बुडबुडा चारी बाजूंनी बंद असतो.

ओट्यावरून उडी मारताना आपण गुडघे का वाकवतो? शरीर थांबायला थोडा अधिक वेळ मिळावा म्हणून. वेळ वाढला की हिसका कमी बसतो. पाय टेकताच फेस दबतो, तो हेच काम करतो. धावताना पायावर येणारे बल आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट असते. आता हिशेब करा. एका पावलात एक मीटर अंतर धरले, तर एका किलोमीटरला हजार पावले, म्हणजे एकेका बुटावर पाचशे तडाखे. रोज ४ किलोमीटर धावणाऱ्याच्या प्रत्येक बुटाला रोज दोन हजार तडाखे बसतात. पाचशे किलोमीटर होईपर्यंत त्यांची संख्या अडीच लाखांवर जाते!

इतके सोसून बुडबुड्यांच्या भिंती सुरकुततात, काही फाटतात, आतली हवा निघून जाते आणि थर चपटा, कडक होतो. वऱ्हाडातल्या मुलांना कापसाची गादी कशी दबते ते सांगायला नको. पण गादीचा कापूस पिंजून पुन्हा फुलवता येतो. हा फेस काही पिंजता येत नाही.

अमेरिकेतील संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यंत्राने बुटांवर तडाखे दिले होते. सुमारे ८० किलोमीटर धावण्याइतके तडाखे बसताच धक्के शोषण्याची क्षमता मूळच्या पाऊणपट झाली. चारशे ते आठशे किलोमीटरच्या दरम्यान ती ६० टक्क्यांच्याही खाली गेली. माणसांनी प्रत्यक्ष वापरलेल्या बुटांची अवस्था थोडी बरी होती. आठशे किलोमीटरनंतरही त्यांच्यात सुमारे ७० टक्के क्षमता उरली होती. पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर बूट बदला असे जे सांगतात, ते साधारण याच सुमाराचे आहे.

पण हा आकडा म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ धावपटूंना नव्या बुटांत आणि मग तेच बूट ३२० किलोमीटर वापरल्यावर पुन्हा धावायला लावले. पायांवरच्या बलात फरक आढळला नाही! मात्र पाय जमिनीवर किंचित जास्त वेळ टेकत होता आणि घोट्याची हालचाल बदलली होती. म्हणजे बुटाने सोडलेले काम शरीराने उचलले होते. इथिओपियाचा अबेबे बिकिला तर १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला. पण अनवाणी धावण्याची सवय असलेले पाय पुष्कळदा टाचेऐवजी पुढच्या चवड्यावर उतरतात. बुटाची सवय असलेल्या पायांनी एकदम तसे करू जाऊ नये.

तेव्हा आपला बूट आपणच तपासावा. नवा जोड आणला की वहीत तारीख लिहा व रोजचे अंतर मांडत जा. टाचेजवळ मधल्या थराची उंची पट्टीने मोजून ठेवा आणि दर महिन्याला पुन्हा मोजा. थराच्या कडेवर अंगठा दाबून पाहा. दबत नसेल, किंवा कडेवर आडव्या सुरकुत्या कायमच्या बसल्या असतील, तर थर थकला. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. एका बाजूला कलला असेल तर त्यात धावू नका. टाचेची बाहेरची कड आधी झिजलेली दिसेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, कारण बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेवरच प्रथम टेकते. डाव्या-उजव्या बुटांच्या झिजेत मोठा फरक असेल तर मात्र खेळाच्या शिक्षकांना दाखवा. बूट तेच, वाट तीच, आणि नडगी किंवा गुडघा नव्याने दुखू लागला, तर वही उघडून अंतराची बेरीज करा.

पावसात भिजलेले बूट चुलीजवळ वाळवू नयेत. उष्णतेने डिंक सुटतो आणि फेसही बिघडतो. वर्तमानपत्राचे बोळे आत कोंबून ते सावलीत ठेवावेत.

धावण्यातून निवृत्त झालेला जोड शाळेला, बाजाराला आणखी वर्षभर सहज चालतो, कारण चालताना पायावर येणारे बल वजनापेक्षा थोडेसेच जास्त असते. तळाची नक्षी पार गुळगुळीत झाली असेल, तर मात्र पावसाळ्यात नदीकाठच्या शेवाळलेल्या खडकांवर तो घालून जाऊ नये.