पीठ सांडते कशासाठी?

ओट्याखालचे कपाट उघडे दिसले, की दीड वर्षाच्या मुलाला दुसरे काही सुचत नाही. प्रथम कुकरची शिट्टी, मग चमचे, त्यानंतर मिसळणाचा डबा. आणि आई फोनवरचे बोलणे संपवून येते तोवर भिंतीवर हळदीचे हात उमटलेले असतात. बाहेरच्या खोलीत महागडी खेळणी पडून असताना या मूर्तीला पोळपाट-लाटणेच का हवे असते, हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. 'फारच द्वाड आहे' असे म्हणून तो बहुधा निकालातही काढला जातो. बालमानसशास्त्र मात्र त्याचे उत्तर निराळे देते.

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी स्वतःच्या तीन मुलांच्या बारीकसारीक हालचालींची टिपणे ठेवली होती. साधारण १२ ते १८ महिन्यांचे मूल हातातील वस्तू नुसती टाकत नाही. जागा बदलून, हात कमी-अधिक उंच धरून ती टाकते आणि काय होते ते पाहते, असे त्यांना आढळले. चमचा दहाव्यांदा खाली टाकणारे मूल हेच करीत असते. वाटी वाजते, पोळी वाजत नाही, दूध पसरते. आजोबा प्रत्येक वेळी उचलून देतात, बाबा तिसऱ्या वेळी रागावतात. हीदेखील त्याच्या दृष्टीने माहितीच.

पसाऱ्याचा भाषेशीही संबंध आहे. चेंडू किंवा पेला यांना ठरावीक आकार असतो. नाव आणि आकार यांची सांगड घालणे मुलाला त्यामानाने सोपे जाते. वरणाचे तसे नाही. ते वाटीत वाटीएवढे आणि ताटात ताटभर होते. मग ते ओळखायचे कशावरून? अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी १६ महिन्यांच्या मुलांपुढे सफरचंदाच्या शिजवलेल्या गरासारखे पदार्थ ठेवून त्यांची नवी नावे सांगितली. ज्या मुलांनी ते चिवडले, चाटले, अंगाला फासले, त्यांना पुढे ती नावे अधिक चांगली ओळखता आली. जेवणाच्या उंच खुर्चीत बसलेल्या मुलांमध्ये हा परिणाम विशेष दिसला, कारण तेथे पसारा करण्याची त्यांना सवय होती! हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला.

वेडांची तऱ्हा आणखी गमतीची. कोणाला निळाच पेला लागतो, कोणी केरसुणी घेऊन झोपते. काही मुले भातुकलीतल्या बोटभर खुर्चीवर गंभीरपणे बसू पाहतात आणि ती घसरली की खुर्चीवरच रुसतात. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांची ही मापाची गफलत ज्युडी डेलोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. एखाद्याच विषयाचे विलक्षण वेड सुमारे एकतृतीयांश मुलांत असते आणि मुलींपेक्षा मुलग्यांत अधिक, असे डेलोश यांच्याच २००७ च्या अभ्यासात दिसले. केवळ अशा वेडाने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

एवढे कौतुक झाले तरी स्वयंपाकघर ही धोक्याची जागा आहे, आणि शोधक वृत्तीला विस्तव कळत नाही. टेबलावरचा कपडा ओढला की चहा अंगावर येतो. कढईचा दांडा ओट्याबाहेर आला की तोही हाताशी येतो. विळी उभी ठेवू नये. शेंगदाणे, फुटाणे श्वासनलिकेत अडकू शकतात. पाण्याने भरलेली बादलीही लहान मुलाला जीवघेणी ठरते. रॉकेल किंवा फरशी पुसण्याचे रसायन शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर सर्वांत घातक, कारण मुलाला बाटली ओळखीची असते. असे काही पोटात गेल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता तडक रुग्णालय गाठावे. भाजल्यास त्या जागेवर २० मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट किंवा तूप लावू नये.

दार कायमचे बंद करणे हा उपाय सोपा, पण लहान सदनिकेत तो फार वेळ टिकत नाही. ओतणे, निवडणे, पुसणे या घरकामांना मारिया माँटेसरी यांनी शिक्षणातच स्थान दिले. १९४५ साली बोर्डीस काम सुरू करणाऱ्या ताराबाई मोडकांनीही महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला. शहरी घरात त्यासाठी ओट्याखालचा एक खण पुरतो. त्यात लाकडी चमचे, स्टीलच्या वाट्या आणि झाकणे असलेले दोन-तीन रिकामे डबे ठेवावेत. बाकीच्या खणांना कडी लावावी. पोळ्यांच्या वेळी, शेगडीपासून दूर, कणकेची एक गोळी हाती द्यावी. तिचे जे काही होईल ते शेवटी बाबांना खाऊन दाखवावे लागते, एवढीच अडचण.