काँक्रीटच्या चर्चमधलं अंगण

मागच्या व्याख्यानात आपण युरोपातली जुनी दगडी चर्च पाहिली. आज दादरला यायचं आहे. पोर्तुगीज चर्च हा बसथांबा मुंबईकरांना ठाऊक असतो. पण तिथे उतरलं की पोर्तुगीज वळणाचं काही दिसत नाही. दिसतात ती वर निमुळती होत गेलेली काँक्रीटची मोठमोठी कवचं. मूळ चर्च सोळाव्या शतकातलं. आजची इमारत चार्ल्स कोरिया यांची, १९७४ ते १९७७ या काळातली.

आता प्रश्न असा, की मुंबईच्या उकाड्यात काँक्रीट कशाला? ते दिवसभर तापतं आणि संध्याकाळी तीच धग आत सोडतं, हे गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. कोरियांनी एकच मोठं सभागृह बांधलं नाही. छपराखालच्या जागा आणि उघडी अंगणं त्यांनी एकमेकांत गुंफली. गरम हवा कवचात वर चढते, माथ्यावरून निघून जाते, आणि तिच्या जागी अंगणातली हवा आत ओढली जाते. म्हणजे प्रत्येक कवच हे एक धुरांडंच, फक्त उकाडा बाहेर टाकणारं.

याला उपासनेचीही बाजू आहे. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली. त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत होऊ लागली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले. जमलेली माणसं नुसती बघायला आलेली नाहीत, उपासना त्यांचीही आहे, हा त्यामागचा विचार. मग लांबट सभागृहाची सक्ती उरली नाही. इथे अंगणात उभा असलेला माणूससुद्धा चर्चमध्येच असतो.

अशा इमारतींची अडचण ही, की त्या जुन्या वाटत नाहीत. दिल्लीतलं राज रेवाल यांचं हॉल ऑफ नेशन्स १९७२ चं. साठ वर्षं भरली नाहीत म्हणून ते वारसा-यादीत बसलं नाही, आणि २०१७ मध्ये पाडलं गेलं. पण इमारत संपवायला ती पाडावीच लागते असं नाही. गर्दी वाढली म्हणून उद्या कुणी अशा अंगणावर पत्रे घातले, तर एकही भिंत न पडता वारा थांबेल. म्हणून जपायचं ते काँक्रीट, आणि त्याच्याइतकीच मधली मोकळी जागा.