वीज खाऊन वाढणारा ढिगारा

वीज अंगावर पडली की माणूस मरतो, झाड उभं चिरतं. शॅम्ब्लिंग माउंड मात्र फुगतो. कुजलेला पाला, वेली आणि चिखल यांचा हा चालता ढिगारा १९७५ साली ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या छोट्याशा अमेरिकी नियतकालिकात अवतरला. ते काढणाऱ्या टीएसआर कंपनीचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आदल्याच वर्षी बाजारात आला होता. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं आणि निकाल लागेना तिथे फासे टाकायचे, असा हा खेळ. पडदा नाही, ध्वनी नाही. त्यामुळे राक्षस घडवायचा तो शब्दांत आणि आकड्यांत.

आता नवखा खेळाडू काय करतो? समोर हिरवा डोंगर चालून येतोय म्हटल्यावर त्याचा जादूगार हुकमी विजेचा लोळ सोडतो. गोष्ट सांगणारा, म्हणजे डंजन मास्टर, शांतपणे सांगतो की ढिगारा आणखी मोठा झाला. मग आग? अंग इतकं ओलं की मूळ नियमांत आगीचा त्याच्यावर काही परिणामच होत नव्हता. २०१४च्या आवृत्तीत निम्मा होतो. त्या दोन ओळींच्या नियमात अख्खा प्राणी आला. चित्र नंतर कोणीही काढावं.

ढिगाऱ्याची कल्पना तशी नवी नव्हती. थिओडोर स्टर्जनची ‘इट’ ही कथा १९४० सालची. १९४२च्या ‘द हीप’ या कॉमिक-पात्रात तर पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक पोलंडच्या दलदलीत कोसळून वनस्पतीमय होऊन उठतो. १९७१ साली मार्व्हलचा मॅन-थिंग आणि डीसीचा स्वॅम्प थिंग काही महिन्यांच्या अंतराने आले. टीएसआरने भर घातली ती नियमाची.

याच खेळात उलट्या वाटेनेही राक्षस जन्मले. त्याचा एक जनक गॅरी गायगॅक्स याने स्वस्त दुकानातून प्लास्टिकच्या चित्रविचित्र बाहुल्यांचं पाकीट आणलं. त्यांना ना नाव, ना जात. त्यांतून लोखंड गंजवून खाणारा रस्ट मॉन्स्टर निघाला, घुबड-अस्वल निघालं. आकार आधी, स्वभाव मागाहून. कोरड्या भुयारात हे खपून जातं. दलदलीत खपत नाही, असं माझं मत आहे. कारण तिथे जागेलाच स्वभाव असतो आणि प्राणी त्याच्याशी जुळला नाही तर तो पाहुणा वाटतो.

हा स्वभाव म्हणजे काय, ते उत्तर युरोपच्या थंड दलदलींत पाहावं. स्फॅग्नम शेवाळामुळे तिथलं पाणी आंबट होतं, खाली प्राणवायू पोचत नाही, कुजवणारे जिवाणू हतबल होतात. डेन्मार्कमध्ये १९५० साली सिल्केबोर्गजवळ पीट खणताना एक प्रेत सापडलं. चेहरा इतका ताजा, की खणणाऱ्यांना तो अलीकडचा खून वाटला आणि पोलीस बोलावले गेले. तो टोलुंड मानव निघाला, सुमारे २,४०० वर्षांपूर्वीचा. गळ्यात चामड्याचा फास, हनुवटीवर दाढीचे खुंट. अशा दलदलीत कातडं कमावलं जातं आणि आम्लाने हाडं विरघळू लागतात. तरीही कित्येक गेमांत दलदलीतून पांढरेशुभ्र सांगाडे खडखडत उठतात. तिथून उठायचंच असेल तर पिचक्या हाडांचं, काळवंडलेल्या चामड्याचं, पापण्या शाबूत असलेलं माणूस उठायला हवं. ते जास्त भयंकर आहे, आणि खरंही. टॉल्किनने ‘द टू टॉवर्स’मध्ये (१९५४) पाण्याखाली मृतांचे चेहरे दाखवले, त्या दलदलींवर पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सची काहीशी छाप असल्याचं त्याने स्वतः एका पत्रात लिहिलं आहे. सोमच्या खंदकांत तो सैनिक होता.

वनस्पतींच्या बाबतीत कल्पनेची गरिबी आणखी डोळ्यांत भरते. गेममधली माणूसखाऊ वनस्पती म्हटली की दातेरी जबडा ठरलेला. सगळ्या व्हीनस फ्लायट्रॅपच्या नातेवाईक. पण वनस्पती मांसाहारी का होते, हा प्रश्न डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर लिहिलेल्या अख्ख्या पुस्तकामागे आहे. उत्तर उपासमारीचं आहे: पाणी भरपूर, ऊन भरपूर, पण मातीत नत्र नाही. ते मग किड्यांच्या अंगातून काढायचं. आपल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात जांभळी चादर पसरते, त्या सीतेच्या आसवांचं कूळ युट्रिक्युलॅरिया. वर नाजूक फुलं आणि खाली ओल्या मातीत सूक्ष्म फुगे. या कुळातल्या काही जातींचा फुगा भक्ष्याचा स्पर्श होताच सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात ते आत खेचून घेतो. पर्यटक फुलांसोबत फोटो काढतात आणि पायाखाली शिकार चाललेली असते. मी गेम करत असतो तर जबडा काढलाच नसता. सुंदर माळ काढला असता आणि खेळाडूला त्यावर चालू दिलं असतं.

दलदलीचा सर्वांत चांगला राक्षस माझ्या मते विल-ओ-विस्प. त्याला धड शरीरच नाही. युरोपात रात्री दलदलीवर दिसणाऱ्या फिकट उजेडाबद्दल शेकडो वर्षं लोककथा होत्या; दलदलीच्या वायूशी त्या उजेडाचा संबंध जोडला गेला आणि इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टाने १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठच्या चिखलातून बुडबुडे गोळा करून मिथेन वेगळा ओळखला. आपल्याकडे रानात वाट चुकवणारा चकवा असतो, त्याचाच हा दिवा घेतलेला भाऊ. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये तो घराचा दिवा वाटावा असा लांबवर चमकतो आणि प्रवाशाला रुतणाऱ्या चिखलात नेतो. मारायचं काम जमीन करते. हा मरणाऱ्याच्या प्राणावर जगतो. जवळ गेलात तर त्याचा स्पर्श विजेचा धक्का देतो. वीज! म्हणजे त्याचा धक्का शॅम्ब्लिंग माउंडला टवटवीत करतो. कसलेला डंजन मास्टर दोघांना एकाच दलदलीत सोडतो, आणि दोन कोरड्या नियमांतून एक परिसंस्था उभी राहते.

याच खेळातला फ्रॉगहेमॉथ मात्र मला गंमत म्हणूनच आवडतो. १९८० सालच्या ‘एक्स्पिडिशन टू द बॅरिअर पीक्स’ या साहसात गायगॅक्सने डोंगरात कोसळलेलं अंतराळयान दाखवलं, त्यातला हा शुंडांचा राक्षसी बेडूक. विजेने तो उलट मंदावतो. त्यामुळे ढिगाऱ्याशी लढून शहाणा झालेला खेळाडू इथे हुकमाचं पान हातात असून टाकत नाही. खोडसाळपणा आहे, पण चोख.

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या गेम कंपनीचे हिदेताका मियाझाकी तर थेट चिखलालाच राक्षस करतात. ‘डीमन्स सोल्स’ (२००९), ‘डार्क सोल्स’ (२०११), ‘एल्डन रिंग’ (२०२२), प्रत्येकात एक विषारी दलदल आहेच. चिखलात बहुतेकदा पाय जड होतात, पळणं अवघड होतं, विषाची पट्टी भरत जाते. चाहते कुरकुरतात. पण प्राणी काढण्याआधी पायांना काय होतं ते ठरवलेलं आहे, आणि म्हणून त्या जागा लक्षात राहतात.

मराठी मुलं आता भराभर गेम-डिझाइनकडे वळत आहेत आणि त्यांच्या वहीत युरोपातलेच बेडूक-राक्षस दिसतात. त्यांनी ओहोटीच्या वेळी ठाण्याच्या खाडीकाठी किंवा कोकणातल्या कुठल्याही कांदळवनात जावं. तिथे निवटी दिसेल: पाण्याबाहेर परांवर चालणारा, ओल्या कातडीतून श्वास घेणारा, कल्ल्यांत पाणी साठवणारा, डोळे डोक्यावर असलेला मासा. शेजारी तिवरांची श्वसनमुळं चिखलातून वर आलेली असतात. वही सोबत न्यावी, आणि चित्र काढण्याआधी तिथल्या जगण्याचा एक नियम लिहावा.