जुन्या मोटारीत नवा आवाज

जुन्या मोटारीतली गाण्याची व्यवस्था सुधारायची म्हणजे नवा टेप आणि मोठे स्पीकर विकत आणायचे, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग वीज, पत्रा आणि तारा यांच्याशी संबंधित असतो. अमेरिकेत १९६०च्या दशकातल्या मोठ्या इंजिनाच्या 'मसल कार' जपणारे लोक ज्या अडचणींना तोंड देतात, त्याच अडचणी महाराष्ट्रात अँबॅसेडर, प्रीमियर पद्मिनी, कॉन्टेसा आणि जुन्या जीप जपणाऱ्यांसमोर येतात. गाडीच्या मूळ रूपाला धक्का न लावता तिच्यात चांगला आवाज आणता येतो. मात्र कामाचा क्रम पाळावा लागतो: आधी वीज, मग शांतता, मग स्पीकर आणि शेवटी अँप्लिफायर.

मूळ गाड्या आणि त्यांचे रेडिओ

मोटारीसाठी बनवलेला रेडिओ मोठ्या प्रमाणावर लोकप्रिय केला तो अमेरिकेतल्या गॅल्विन बंधूंनी, १९३० साली. 'मोटोरोला' हे नाव त्याच रेडिओचे. भारतात अँबॅसेडर १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बंगालमधल्या उत्तरपाडा येथे तयार होत होती. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आणली. पुढे १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. भारतातली मसल कार म्हणून शौकीन जिचे नाव घेतात ती कॉन्टेसा १९८४ ते २००२ या काळात बनली. तिच्या नंतरच्या आवृत्तीत इसुझूचे १८१७ घनसेंमीचे इंजिन होते.

यांपैकी अनेक गाड्या रेडिओविनाच विकल्या जात आणि रेडिओ नंतर बसवला जाई. त्याला दोन बाजूंना दोन बटणे, मध्ये आकड्यांची पट्टी आणि सोबत बहुधा एकच स्पीकर असे. तो मीडियम वेव्हवर चाले. पुढे कॅसेटचा टेप आला आणि त्याच्यासाठी डॅशबोर्ड कापण्याची पद्धतही आली. आजच्या टेपचा दर्शनी भाग १८० मिमी रुंद आणि ५० मिमी उंच या ठरलेल्या मापाचा असतो. जुन्या डॅशबोर्डला ही जागा नसते, म्हणून पत्रा कापला जातो. कापलेला पत्रा मूळ रूपात आणणे फार खर्चाचे ठरते.

वीज कुठून येणार

गाडीतल्या आवाजाची मर्यादा तिच्या विजेने ठरते. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरऐवजी डायनामो असे. त्याची कमाल क्षमता साधारण २० ते २२ अँपिअर, म्हणजे १२ व्होल्टला सुमारे २५० वॅट. रात्री दोन हेडलाइट ९० वॅट घेतात. त्यात इग्निशन कॉइल, मागचे दिवे आणि पावसात वायपर यांची भर पडली की दोनशेच्या आसपास वॅट संपतात. उरलेल्या विजेवर मोठा अँप्लिफायर चालणार नाही. शिवाय इंजिन मंद फिरत असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. सिग्नलवर किंवा गर्दीत गाडी उभी राहिली की गाणे थेट बॅटरीवर वाजते.

चार स्पीकरना प्रत्येकी ५० वॅट देणारा अँप्लिफायर घेतला तर एकूण २०० वॅट होतात. 'क्लास डी' प्रकारचा अँप्लिफायर घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८० टक्के वीज आवाजाकडे पोहोचवतो, म्हणजे त्याला पूर्ण जोरावर २५० वॅट, सुमारे १८ अँपिअर लागतात. संगीतात चढ-उतार असल्याने सरासरी खप याच्या बराच खाली राहतो, पण ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला ती वीज हजर असावी लागते. म्हणून असा संच बसवायचा असेल तर ४५ अँपिअर किंवा त्याहून मोठा अल्टरनेटर आधी बसवावा. त्यासाठी कंस बदलावा लागतो, पट्टा एका रेषेत आणावा लागतो आणि डायनामोचा कट-आउट काढावा लागतो. डॅशबोर्डवर अँमीटर असेल तर वाढलेला प्रवाह त्याच्या क्षमतेत बसतो का, हेही तपासावे.

ब्रिटिश धाटणीच्या जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. त्यांच्यापैकी अनेकींत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे. आजच्या टेपचे बाहेरचे आवरण ऋण टोकाशी जोडलेले असते. असा टेप तशा गाडीत सरळ बसवला तर आवरण बॉडीला टेकताच शॉर्टसर्किट होते. गाडी ऋण अर्थवर आणण्याचे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे, कारण त्यात डायनामोची दिशाही पालटावी लागते आणि अँमीटर व कॉइलच्या तारा उलट कराव्या लागतात.

तारा आणि फ्यूज

जुन्या गाडीत फ्यूज मोजकेच असतात आणि तारांचे वेष्टन उन्हाने कडक होऊन तडकलेले असते. नवा संच त्या तारांवर कधीही जोडू नये. बॅटरीपासून अँप्लिफायरपर्यंत तांब्याची वेगळी जाड तार न्यावी. वरच्या उदाहरणातल्या २०० वॅटच्या संचासाठी ८ ते १० चौरस मिमीची तार योग्य ठरते. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत ३० अँपिअरचा फ्यूज हवा. पत्र्याच्या छिद्रातून जिथे तार जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावा. तो नसेल तर पत्र्याच्या धारेने वेष्टन कापले जाते आणि गाडी पेट घेऊ शकते. अर्थची तारही तेवढीच जाड असावी आणि रंग खरवडून ती उघड्या, स्वच्छ पत्र्यावर घट्ट बसवावी.

इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी किंवा कटकट स्पीकरमधून ऐकू येत असेल, तर दोष बहुधा कच्च्या अर्थमध्ये किंवा स्पार्कमध्ये असतो. रोधक असलेले स्पार्क प्लग, कार्बनच्या गाभ्याची प्लग वायर आणि डायनामो किंवा अल्टरनेटरला लावलेला कंडेन्सर यांनी ती कमी होते. विजेची तार गाडीच्या एका बाजूने आणि संगीताची केबल दुसऱ्या बाजूने नेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

पत्रा शांत करणे

बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना किंवा कपिलधारच्या दरीत उतरताना जुनी गाडी खालच्या गिअरमध्ये असते. इंजिन, टायर आणि वारा यांचा आवाज मिळून गाण्यातले बारीक स्वर झाकून टाकतात. दाराचा मोकळा पत्रा तर हलगीच्या कातड्यासारखा थरथरतो. त्याच्यावर आतून ब्युटाइल रबराचे चिकट पट्टे लावले की थरथर थांबते. सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते. बोटाने ठोकून जिथे पोकळ वाजतो तिथेच पट्टे लावले तरी मोठा फरक पडतो. पायाखालच्या फरशीवर आणि इंजिनाच्या मागच्या भिंतीवर फोमचा थर दिला तर उष्णताही आत कमी येते. दाराच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी भोके असतात, ती मात्र बुजवू नयेत. बुजवली तर दार आतून गंजते.

या टप्प्यावर झालेला खर्च सर्वाधिक कारणी लागतो. आवाज फक्त ३ डेसिबलने वाढवायचा तरी अँप्लिफायरची शक्ती दुप्पट करावी लागते. गाडीतला गोंगाट तेवढाच कमी केला तर विजेवर भार न टाकता तोच लाभ मिळतो.

स्पीकर आणि टेप

विकत घेताना पीएमपीओचे, म्हणजे क्षणिक कमाल शक्तीचे, मोठे आकडे बाजूला ठेवून आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे, वॅट पाहावेत. खोक्यावर '५० गुणिले ४' लिहिलेला टेप प्रत्यक्षात प्रत्येक स्पीकरला सतत साधारण २० वॅट देतो. अधिक संवेदनशील, म्हणजे ९० डेसिबल किंवा त्याहून वरचे स्पीकर घेतले तर तेवढ्यावरही जुनी गाडी पुरेशी वाजते आणि वेगळ्या अँप्लिफायरची गरज उरत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथे असे सुटे सामान पाहून, पारखून घेता येते.

जागेचा प्रश्न नाजूक असतो. दारात काच वर-खाली करण्याची यंत्रणा असते, त्यामुळे खोल चुंबकाचा स्पीकर तिला अडतो. पुढे डॅशबोर्डखाली लाकडी पेटीत ४ किंवा सव्वापाच इंची स्पीकर आणि मागच्या सीटमागच्या फळीवर ६ बाय ९ इंची लंबगोल स्पीकर ही रचना सोयीची पडते. फळी प्लायवूडची नवी करून तीच कापावी आणि मूळ फळी जपून ठेवावी. दारात स्पीकर लावायचाच झाला तर त्याच्यावर पाणी अडवणारे झाकण द्यावे, कारण जुन्या रबरातून दारात पाणी उतरतेच.

टेपसाठी तीन मार्ग आहेत. जुन्या रेडिओच्याच मापाचे, दोन बटणांचे नवे रेडिओ मिळतात. मूळ रेडिओत दुरुस्ती करणारा कारागीर ब्लूटूथची सोय घालून देऊ शकतो. तिसरा मार्ग म्हणजे ब्लूटूथ असलेला छोटा अँप्लिफायर सीटखाली लपवून मूळ रेडिओ जसाच्या तसा राहू देणे. यात काहीही कापावे लागत नाही. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे बालाघाटाच्या दऱ्यांतून जाताना त्या क्षीण होऊ शकतात. अशा रस्त्यांसाठी फोनवर साठवलेली गाणी भरवशाची ठरतात.

कायदा आणि कान

केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात असलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. म्हणून प्रत्येक नवी वस्तू नटबोल्ट सोडवून परत काढता येईल अशी बसवावी आणि काढलेला मूळ भाग नावाची चिठ्ठी लावून जपावा.

ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. कपिलधारला मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिकी पौर्णिमेला तिथे यात्रा भरते आणि दिंड्या पायी येतात. अशा ठिकाणी काचा वर आणि आवाज खाली असणे हाच शिष्टाचार. कानांसाठी जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही सुरक्षित मर्यादा सांगते. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते, म्हणजे ८९ डेसिबलला ती ५ तासांवर येते.

काम संपल्यावर इंजिन बंद असताना आणि चालू असताना बॅटरीचे व्होल्ट मोजावेत. दिवे आणि गाणे दोन्ही चालू ठेवून, इंजिन थोडे जोरात फिरत असताना ते १३.५ ते १४.५ च्या दरम्यान राहिले, अर्धा तास वाजवूनही तारा हाताला गरम लागल्या नाहीत आणि शिट्टी ऐकू आली नाही, तर बसवलेला संच गाडीला पेलतो असे समजावे.