फेजोआदा: गोव्याचा राजमा-सॉसेज-भात संभाजीनगरच्या पाण्यात शिजवायचा कसा?

राजमा रात्रभर भिजवला. सकाळी सॉसेज, टोमॅटो, व्हिनेगर, सगळं रेसिपीत सांगितलं तसं टाकून कुकरच्या सहा-सात शिट्ट्या केल्या. झाकण काढलं तर रस्सा लालभडक, वास घरभर, आणि राजम्याच्या दाण्यात मात्र कणी तशीच.

गोव्याहून येताना सॉसेजची माळ आणलेल्या, रील बघून फेजोआदा करायला बसलेल्या छत्रपती संभाजीनगरातल्या कुणाचीही अशी फजिती होऊ शकते. यात हाताचा दोष कमी असतो. दोष असतो पाण्याचा, आणि कुठली गोष्ट कधी टाकली याचा.

पण आधी हा फेजोआदा म्हणजे काय ते बघू.

पोर्तुगीज भाषेत ‘फेजाव’ म्हणजे घेवड्याच्या जातीचे दाणे. त्यावरून फेजोआदा. दाणे आणि डुकराचं मांस एकत्र शिजवायचं आणि भाताबरोबर खायचं, एवढाच त्याचा गाभा. पोर्तुगालमध्ये पांढरे किंवा तांबडे दाणे वापरतात, ब्राझीलमध्ये काळे. तिथे सोबत संत्र्याच्या फोडीही देतात. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1961 पर्यंत ते तिथे राहिले. त्या साडेचारशे वर्षांत हा पदार्थ पूर्णपणे गोव्याचा झाला. गोव्यात राजमा, पांढरा राजमा किंवा अळसांदे घालतात, आणि सगळी चव येते ती चोरीसमधून.

चोरीस म्हणजे गोवन सॉसेज. डुकराच्या मांसाचे तुकडे, मीठ, सुकी लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, लवंग, दालचिनी आणि माडाच्या ताडीचं व्हिनेगर. हे सगळं आतड्यात भरून, दोऱ्याने गाठी मारून उन्हात वाळवतात, काही जण धूरही देतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशा माळा लटकलेल्या दिसतात. पावसाळ्यात मासेमारी थंडावते तेव्हा गोव्याच्या घरांत हीच शिदोरी कामाला येते.

गंमत म्हणजे यातला राजमा आणि मिरची, दोन्ही मूळचे अमेरिका खंडातले. कोलंबस 1492 मध्ये तिकडे पोहोचला नसता तर गोव्याचा फेजोआदा तर नाहीच, साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडाही नसता.

ब्राझीलमध्ये एक गोष्ट सांगतात. मळ्याच्या मालकांनी टाकून दिलेल्या मांसाच्या तुकड्यांतून गुलामांनी फेजोआदा बनवला. इतिहास अभ्यासक ही गोष्ट मानत नाहीत, कारण युरोपात असे पदार्थ आधीपासून होते. संभाजीनगरकरांना हा प्रकार नवा वाटू नये. मोहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलवली आणि त्याच्या फौजेबरोबर नान-खलिया आला, हे शहरात कुणीही सांगेल. मोठ्या देगेत शिजणाऱ्या पदार्थाला अशी एखादी दंतकथा चिकटतेच.

आता मुद्द्याचं. राजमा शिजत का नाही?

दाण्याच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या घटकाने चिकटलेल्या असतात. शिजताना हे पेक्टिन विरघळतं आणि दाणा मऊ होतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असेल, म्हणजे पाणी जड असेल, तर ते पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतात. शहराला जायकवाडीचं पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. मधल्या दिवसांत बोअर नाहीतर टँकर. दख्खनच्या काळ्या दगडातून येणारं बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड असतं. नळाच्या तोटीवर पांढरा थर जमत असेल तर तेच पाणी राजम्यालाही नडतं. त्यामुळे राजमा भिजवायला आणि शिजवायला जारचं किंवा आरओचं पाणी घ्या.

तेही नसेल तर मीठ उपयोगी पडतं. लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून राजमा रात्रभर भिजवायचा. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. ‘मीठ आधी टाकलं की डाळ शिजत नाही’ हे घरोघरी ऐकायला मिळतं, पण भिजवताना उलटंच घडतं. खायचा सोडा चिमूटभर चालतो. जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

दुसरा अडथळा आंबटाचा. आंबट पाण्यात पेक्टिन लवकर विरघळत नाही. चोरीसमध्ये व्हिनेगर मुरलेलं असतं, टोमॅटो वेगळा. हे दोन्ही अर्धकच्च्या राजम्यात पडले की पुढे कितीही शिट्ट्या करा, कणी हट्टाने राहते. म्हणून राजमा आधी एकटाच पूर्ण शिजवायचा. बोटांत दाबल्यावर लोण्यासारखा चेपला पाहिजे.

हा नुसता चवीचा प्रश्न नाही. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन असतं. तांबड्या राजम्यात ते सगळ्यात जास्त, पांढऱ्यात बरंच कमी, पण असतंच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या माहितीनुसार चार-पाच कच्चे दाणेही त्रास द्यायला पुरतात. एक ते तीन तासांत मळमळ, उलट्या, मग जुलाब. त्यात धोका अर्धवट शिजवण्याचा. 80 अंशांच्या आसपास तापवलेल्या राजम्यात हा विषारीपणा कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढू शकतो. त्यामुळे स्लो कुकरमध्ये थेट भिजवलेला राजमा टाकू नका. भिजवलेलं पाणी फेकून द्या, नवं पाणी घ्या आणि किमान दहा मिनिटं खळखळून उकळा. अर्धा तास उकळलं तर उत्तमच. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्यामुळे इथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. कुकरमध्ये मात्र तापमान 120 अंशांपर्यंत जातं, त्यामुळे आपल्यासाठी कुकर बराच.

चार जणांसाठी एक वाटी पांढरा राजमा आणि दीडशे ग्रॅम चोरीस भरपूर झालं. चोरीस कच्चं असतं हे विसरू नका. दोरा आणि वरचं आवरण काढून आतलं मांस मोकळं करा, अगदी थोड्या तेलात मंद आचेवर परता. त्याचीच चरबी सुटते. त्यात दोन कांदे लालसर करा, मग एक टोमॅटो. शिजलेला राजमा त्याच्या पाण्यासकट ओता आणि वीस मिनिटं उकळू द्या. पळीने थोडे दाणे ठेचले की रस्सा दाट होतो. मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण चोरीस मुळातच खारट.

डुकराचं मांस खात नसाल तर चिकन सॉसेज चालेल, पण फेजोआदाची चव त्यात आपोआप येणार नाही. लसूण, लाल मिरची, लवंग-दालचिनी वाटून परता आणि चमचाभर व्हिनेगर घाला.

सॉसेज वाढवायचा मोह टाळलेला बरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकलं. रोज 50 ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष आहे. गोव्याच्या पद्धतीत चोरीस मसाल्यासारखं वापरतात, पोट भरतं ते राजमा आणि भाताने. भातात कमी असलेलं लायसिन राजम्यात मिळतं, राजम्यात कमी असलेलं मेथिओनिन भातात.

गोव्यात सोबत उकड्या तांदळाचा भात असतो. इथे साधा कोलमही चालतो. फेजोआदा फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरतो. भात मात्र ताजाच लावा. एप्रिल-मेच्या उकाड्यात ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस नावाचे जिवाणू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.